राजक्का आणि बसूची खुर्ची

राजक्काला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती स्वतःच्याच हातांवर बसली होती. खोटं नाही सांगत. सतरंजीवर मांडी घातलेली, दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबलेले आणि मान पुढे काढलेली. समोर एक तिशीचा गडी टॉवेलची घडी घालत होता. घडी तिरपी व्हायची, तो उलगडायचा, परत घालायचा, परत तिरपी. दर वेळी अक्काचे खांदे तेवढे हलायचे. मला वाटलं, बाईला संधिवात असावा.

"हात दुखतायत का ओ?" मी विचारलं.

"दुखत न्हाईत. मोकळे ठेवले की पळतात पुढं. मग घडी माझी हुती, बसूची ऱ्हात न्हाय."

तो गडी म्हणजे बसू. पूर्ण नाव बसवराज. अक्काचं सांगायचं म्हटलं की बसूचं सांगावंच लागतं, पण ते जरा पुढे येईल.

मी तिथे गेले होते कडक भाकरी शिकवायला. आमचा भाकरीचा धंदा, घरात पाच-सहा बायका कामाला. अक्काचा निरोप आला की आमच्या मंडळींना भाकरी शिकवाल का. मंडळी म्हणजे कोण ते तिथे गेल्यावर कळलं. तेव्हा आम्ही सगळे मतिमंद म्हणायचो. आता तो शब्द चालत नाही, बौद्धिक अक्षम म्हणतात. अक्काला दोन्ही शब्द नको असायचे. ती 'आपले कामगार' म्हणायची. अशा लहान लेकरांसाठी शाळा असते, शाळेला सरकारचं अनुदान असतं. पण वय वाढलं की शाळेतलं नाव कमी होतं आणि पोर घरी येतं. मग पुढचं सगळं आयुष्य घरीच. त्या घरी बसलेल्यांना गोळा करून अक्कानं दोन पत्र्याच्या खोल्यांत कार्यशाळा काढली होती. कारखान्यातून टॉवेल यायचे. धागे कापायचे, घडी घालायची, लेबल लावायचं, पिशवीत भरायचं, डझनाचा गठ्ठा बांधायचा. आणि आता दुसऱ्या खोलीत भाकरी सुरू करायची होती.

अक्का शिकलेली फार नव्हती, माझ्यासारखीच. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगु विणकराच्या घरातली. नवरा मागावर, ती टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला, असं अर्धं आयुष्य गेलेलं. घरात तेलुगु, गल्लीत मराठी, कारखान्यात दखनी उर्दू. तिन्ही भाषांत तिचा आवाज सारखाच मोठा, कारण मागांच्या खडखडाटात बोलायची सवय. शेजारी उभं राहून बोलली तरी वाटायचं रस्त्यापलीकडच्याला हाक मारतेय.

पहिल्याच दिवशी माझी तिनं चांगली जिरवली. मंद्रूपची सुनंदा नावाची मुलगी होती, पंचविशीची, कायम गालात हसणारी. ती भाकरी थापायला बसली. पीठ परातीत कमी आणि कोपरापर्यंत जास्त. सकाळची दुपार व्हायला आली तरी तिची पहिली भाकरी परातीतच. कडेला जाड, मध्ये भोक पडलेली. मला काही बघवेना. मी पुढे होऊन दोन थापा मारल्या आणि भाकरी गोल केली.

मागून अक्काचा आवाज आला. "पारूबाई, ती भाकरी तुमची हाय का?"

"अहो, बिघडत होती."

"बिघडू द्या की. तुमची पहिली भाकरी गोल झालती का?"

मी हात मागे घेतला. सुनंदानं माझ्याकडे बघितलं, भाकरीकडे बघितलं, ती उचलली, गोळा केला आणि परत थापायला सुरुवात केली. मग काय करणार, मीही पदर सावरला आणि हातांवर बसले. बसून बघा कधी तरी. लई अवघड असतं.

अक्काच्या आणखी काही खोडी सांगते. कार्यशाळेत कुणी आलं, कितीही मोठं असो, कामाच्या वेळात कामगार उठायचे नाहीत. टाळ्या नाहीत, स्वागतगीत नाही. आपल्याकडे रीतच पडलीय, पुढाऱ्याचा वाढदिवस आला की अशा ठिकाणी जाऊन फळवाटप करायचं. एकदा एक पुढारी केळ्यांच्या पाट्या आणि फोटोवाला घेऊन आले. पांढरे कपडे, मागे चार-सहा कार्यकर्ते. अक्का दारात आडवी उभी.

"वाढदिवस कुणाचा?"

"साहेबांचा," कार्यकर्ता म्हणाला.

"हो का. शंभर वर्षं जगा. केळी तितं सावलीला ठेवा. एकला सुट्टी हुती, तवा खातील."

"अहो बाई, साहेबांना अजून दोन ठिकाणी जायचंय. पाच मिनिटांचं काम."

"तुमचं पाच मिनिटांचं हाय. त्यांचं दिवसभराचं हाय."

कार्यकर्ते चिडले, पण साहेब माणूस बरा निघाला. थांबतो म्हणाला. लिंबाखाली घाम पुसत उभा राहिला. सुट्टी झाली, सगळे हात धुऊन बाहेर आले, एकेकानं केळं घेतलं. बसूनं केळं खाल्लं, साल कुठे टाकावं म्हणून इकडेतिकडे बघितलं आणि कचऱ्याच्या बादलीजवळ साहेबच उभे होते, त्यांच्याच हातात ठेवलं. साहेबांनी निमूट घेतलं. फोटोवाल्यानं नेमका तोच फोटो काढला. पुढच्या वर्षी साहेब आले ते केळ्यांशिवाय. येताना त्यांच्या मेव्हण्याच्या दुकानाची टॉवेलची ऑर्डर घेऊन आले.

तर असं चाललं होतं. पण टॉवेल भरून येणाऱ्या मजुरीत खोल्यांचं भाडं कसंबसं निघायचं. तेवढ्यात पुण्याच्या एका कंपनीच्या सामाजिक निधीतून तीन वर्षांची मदत मंजूर झाली. त्यातून शिकवणाऱ्या दोन मुलींचे पगार निघाले आणि मुख्य म्हणजे गाडी आली. सुनंदासारखी लांबच्या गावची, आधी अधूनमधूनच येणारी मंडळी त्या गाडीनं रोज येऊ लागली. कंपनीची अट होती: तिसरं वर्ष संपेपर्यंत ठरलेले इतके लोक बाहेरच्या कारखान्यात, दुकानात नोकरीला लागले पाहिजेत आणि सहा महिने टिकले पाहिजेत. जमलं तर पुढची तीन वर्षं मदत चालू. नाही तर गाडी बंद.

अट वाईट होती असं अक्कानं कधी म्हटलं नाही. उलट तिला ती आवडली होती. "बाहेर जायाचंच हाय की. हितं काय जलमभर ठेवून घ्यायचं?" तिला आवडायचा नाही तो एकच शब्द, लाभार्थी. पुण्याहून कागद आला की त्यात लाभार्थी अमुक, लाभार्थी तमुक. अक्का वाचून घ्यायची आणि म्हणायची, "लाभार्थी कशाचे? प्रसादाच्या रांगेत हुबे हायत का?"

दोन वर्षांत चार-पाच जण लागले. कुणी बेकरीत, कुणी शिवणाच्या दुकानात काजं-बटणाला. शेवटी एकच माणूस कमी पडत होतं, आणि तो एक बसू होता. टॉवेलच्या एका मोठ्या कारखान्याचे मालक स्वतःहून म्हणाले, द्या आमच्याकडे. बसूचं नाव हजेरीपटावर लागलं, पगार सुरू झाला. बसूची आई संगव्वा विड्या वळायची, अक्कलकोटकडची, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणारी. पहिल्या पगाराला तिनं गल्लीभर पेढे वाटले. आम्ही सगळ्या निर्धास्त झालो. सहा महिने भरले की झालं.

चौथ्या महिन्यात अक्का न सांगता कारखान्यात गेली. मला सोबत घेऊन गेली, तिचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. फाटकातून आत गेलो तर समोर ऑफिसच्या दाराशी नवी कोरी प्लास्टिकची खुर्ची, आणि खुर्चीत बसू. धुतलेला शर्ट, कपाळाला गंध, हातात चहाचा कप. येणारा-जाणारा त्याच्या डोक्यावरून हात फिरवून पुढे जात होता. आत पॅकिंगला एवढी झुंबड होती की बायका टॉवेलच्या ढिगात दिसत नव्हत्या.

अक्कानं विचारलं, "बसू, सुट्टी हाय का?"

बसू म्हणाला, "काम न्हाय, अक्का."

"सकाळपासनं काय केलास?"

"चा पिलो."

"काल?"

"चा पिलो."

मालक बाहेर आले. मनानं खरंच चांगला माणूस, देवाधर्माचा. म्हणाले, "या अक्का. बघा, कसा राजासारखा ठेवलाय. कुणाला एक शब्द बोलू देत नाही त्याला. देवाचं लेकरू आहे, त्याला काम सांगितलं तर पाप लागेल मला. सकाळी आधी याचं तोंड बघतो, मग गल्ल्यावर बसतो."

"तोंडच बघायचं तर फोटो लावा की भिंतीला," अक्का म्हणाली. "माणूस कशाला बसवून ठेवलाय?"

मालकांचा चेहरा उतरला. चांगलं केलेलं असताना असं ऐकून कुणालाही लागेल. तेही मग आवाज चढवून म्हणाले, "फुकट पगार देतोय, वर तुमचं ऐकून घ्यायचं का?"

"फुकट देऊ नका असंच म्हणतेय मी. त्याला घडी येती, लेबल येतं. काम सांगा. चुकलं तर बोला. न्हाय तर सोडा."

"मग घेऊन जा," मालक म्हणाले.

आणि अक्का त्याला खरोखर घेऊन आली. बसूनं जाताना खुर्ची उचलून भिंतीला नीट लावून ठेवली.

त्या संध्याकाळी संगव्वा कार्यशाळेत आली ती भांडायलाच. तिचं काय चुकलं हो? तिचा जन्म सूप मांडीवर घेऊन विड्या वळण्यात गेला.

"पगार येतुया की अक्का. बसून का असंना. आमच्या घरात कुणाला मिळालाय बसून पगार? एकाला मिळाला तर तुमच्या डोळ्यात खुपला व्हय?"

अक्का एरवी तोंडानं कुणाला हार जाणारी नाही. पण संगव्वापुढे तिचा आवाज खाली आला. "संगव्वा, बसायला तो घरी बी हुता की."

"घरी पगार न्हवता."

अक्का संगव्वाचा हात धरून बसून राहिली. मग म्हणाली, "माझा धाकटा भाऊ असाच हुता. लई लाडका. आईनं त्याला तांब्या सुदिक उचलू दिला न्हाय. ओट्यावर बसायचा. आमी बहिणी लग्न होऊन गेलो, आलो, पोरं झाली, तो ओट्यावरच. मेला तवा गल्लीतले म्हणाले, बिचारा गेला. त्याचं नाव कुणाला ठाऊक न्हवतं." तिनं हे पूर्वी कधी सांगितलं नव्हतं, नंतरही नाही. संगव्वा रडली, पण पटलं म्हणून नव्हे. जाताना म्हणाली, "तुमच्या भावाचं माज्या पोराला कशाला?"

पुढच्याच महिन्यात पुण्याहून निधीच्या मॅडम आल्या. तरुण, साधी, जीव लावून काम करणारी मुलगी. तिनं सगळं बघितलं, भाकरी खाल्ली, सुनंदाशी बोलली. मग अक्काला बाजूला घेऊन म्हणाली, "अक्का, एकच जण कमी पडतोय. बसूचं नाव कारखान्यानं अजून काढलेलं नाही. मालकांना सांगून दोन महिने तसंच राहू दिलं तर अहवालात सहा महिने दिसतील. पगार तर त्याला मिळतच होता, खोटं काही नाही त्यात."

मी मनात म्हटलं, अक्का, हो म्हण. गाडी डोळ्यांपुढे येत होती माझ्या. गाडीत खिडकीला बसलेली सुनंदा येत होती.

अक्का म्हणाली, "पोरी, पगार खरा हुता. नोकरी खोटी हुती. तुमच्या कागदात पगाराचा रकाना हाय, महिन्यांचा हाय. कामाचा हाय का?"

"नाही."

"मग तितं बसूचं नाव कसं लावू?"

मॅडमनी खूप समजावलं. वरच्यांना पत्र लिहिते म्हणाली, आणि लिहिलंही. पण ती काही वरची नव्हती. पुढची मदत मंजूर झाली नाही. शिकवणाऱ्या मुली गेल्या, गाडी बंद झाली.

आता खरं सांगते, मला अक्काचा राग आला होता. पुष्कळ दिवस मी बोललेही नाही तिच्याशी. शहरातली मंडळी बसनं, चालत येत राहिली. लांबच्यांचं सुटलं. सुनंदाच्या वडिलांनी थोडे दिवस मोटारसायकलवरून आणून सोडलं, मग शेतीची कामं निघाली आणि तेही थांबलं. अक्का दोनदा मंद्रूपला जाऊन आली. सुनंदा तिथल्या तिथे काही करेल का बघितलं, जमलं नाही. सुनंदाचं नाव निघालं की अक्का पदरानं कपाळ पुसायची, घाम असो नसो, आणि दुसऱ्या खोलीत जायची. तिनं केलं ते बरोबर की चूक, याचा निवाडा मला आजही करता येत नाही. एवढं नक्की की ते तिला फुकट पडलेलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी ऑर्डरींचा हंगाम असतो. तेव्हा एक दिवस कारखान्यातले पॅकिंगचे मुकादम रशीदभाई कार्यशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. उंच माणूस, दाढीला मेंदी, तोंडात सतत बडीशेप.

"अक्का, वो बसू कू देव मेरे पास," ते म्हणाले. "उस दिन तुमे मालक कू बोले, मैं पीछेच खडा था. मैं बोल्या मालक कू, मेरे कू माणसं कम पडते. कुर्सी मैं उठाकू ऊपर माळे पे डाल्या."

"चुकला तर?"

"चुक्या तो बोलतुं की. मैं किसकू छोडतुं क्या?"

अक्का हरखली. पण सोडून मोकळी झाली नाही. पहिले काही दिवस ती बसूच्या शेजारी पॅकिंगच्या टेबलाशी बसली. मग त्याच खोलीच्या कोपऱ्यात. मग दाराबाहेर. मग रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर, जिथून फाटक दिसतं. तिथे ती दिवसभर चहा घेत बसायची, आणि टपरीवाला मला म्हणाला, "या बाईला घरदार न्हाय का?" पुढे एक दिवस ती टपरीवरही गेली नाही. माझ्या घरी येऊन बसली आणि दिवसभर माझ्यामागे भुणभुण, "आता जेवायची सुट्टी झाली असंल, नव्हं? डबा खाल्ला असंल का त्यानं?"

एका संध्याकाळी ती धापा टाकत माझ्या दारात आली. चेहरा असा, की मला वाटलं नातवाचा निकाल लागला.

"पारूबाई, रशीदभाईनं आज बसूला शिव्या घातल्या."

"अगं बाई, का?"

"लेबलं उलटी लावली गठ्ठाभर. सगळ्यांदेखत झापला. म्हणं, डोळे कुटं गहाण ठेवलास का रे. आणि परत लावून घेतली त्याच्याकडनं, सगळीच्या सगळी." मग ती माझ्या ओट्यावर बसली आणि पाणी मागून प्याली. "मायला, लई बरं वाटलं."

संगव्वा पुढे भेटली की अक्काशी बोलायची, पण जपून. एकदा भाजीच्या गाड्यावर म्हणाली, "पोरगं दमून येतंय. ताटावरच पेंगतंय." अक्कानं विचारलं, "काढू का तितनं?" संगव्वा मेथीची जुडी झाडत राहिली. "मी म्हणाले का काढा म्हणून?" एवढंच बोलणं झालं.

गेल्या वर्षी अक्काचे गुडघे अगदी बसले. कार्यशाळा तिनं दुसऱ्या एका संस्थेच्या हाती दिली. मुलगा हैदराबादला असतो, तो घ्यायला आला. दुपारच्या गाडीनं निघायचं होतं. आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. कार्यशाळेतली मंडळी, त्यांचे आई-बाप, संगव्वासुद्धा आली होती, हातात पोळीचा डबा घेऊन. अक्का बाकावर बसून एकेकाशी बोलत होती आणि मान सारखी जिन्याकडे वळत होती.

"बसू कुटंय?" शेवटी तिनं संगव्वाला विचारलं.

"कामावर हाय. सुट्टी टाक म्हणलं मी. मुकादमानं दिली न्हाय."

"असं कसं? माझं नाव सांगितलं का?"

अक्कानं पिशवीतनं मोबाइल काढला. कानानं कमी ऐकू यायचं म्हणून ती कायम स्पीकरवरच बोलायची. सगळ्या फलाटाला ऐकू गेलं असेल.

"रशीदभाई, बसूला तासभर सोडा की. मी निघाले ओ. गाडी यायला झाली."

पलीकडे कुणावर तरी ओरडण्याचा आवाज, मग रशीदभाई. "अक्का, आज नक्को. ट्रक आकू खडा है, और दो पोट्टे आयेच नै. इसकू छोड्या तो पूरी पॅकिंग अडकती."

"फकस्त एक तास. परत आणून सोडते पायजे तर."

"अक्का, तुमे बोले तो मैं जान देतुं. बसू कू नै देता आज. नक्को बोल्या ना."

अक्कानं फोन तोंडाजवळ नेला. मग हळूच म्हणाली, "बरं. र्‍हाऊ द्या." आणि पुढे, "मी फोन केलता म्हणून त्याला आत्ताच सांगू नका. हात थांबंल त्याचा."

मुलगा चिडला होता. म्हणाला, "अम्मा, इतकं केलंस त्या मुलासाठी, एक तास सोडत नाही म्हणजे काय?" अक्कानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती संगव्वाकडे बघत होती. संगव्वानं पोळीचा डबा तिच्या मांडीवर ठेवला आणि तोंडाला पदर लावला.

गाडी आली. मुलानं सामान चढवलं, आम्ही दोघी-तिघींनी धरून अक्काला चढवलं. ती खिडकीशी बसली. समोरच्या बाकावर तिच्याच वयाची एक अनोळखी बाई होती, तेलुगुच असावी. अक्का तिच्याशी बोलायला लागली, तो मागांच्या खडखडाटातला आवाज, हातवारे करून, डोळ्यांतलं पाणी न पुसता. मला तेलुगु कळत नाही. फक्त 'बसू' कळलं आणि 'ड्यूटी' कळलं. ती बाई मान डोलवत होती. गाडी हलली. आम्ही सगळे हात हलवत खिडकीबरोबर चालायला लागलो, पण अक्काचं आमच्याकडे लक्षच नव्हतं.